आमचे साडू आणि चमचाभर तूप

त्या दिवाळीला सासुरवाडीला जाताना मी मिठाईऐवजी रिफाइंड शेंगतेलाचा डबा नेला आणि जन्माचा फसलो. डब्यावर पत्त्यांतल्यासारखं लाल बदामाचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कोलेस्टेरॉल नाही'. तेलाच्या डब्यांवर असं काहीबाही लिहायची तेव्हा नुकतीच टूम निघाली होती. आपला धाकटा जावई किती पुढारलेला आहे हे अवसरी बुद्रुकला कळावं, एवढाच माझा बापड्याचा हेतू. डबा ओट्यावर ठेवून मी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा बेताने सासूबाईंना म्हणालो, "मामी, ह्यात कोलेस्टेरॉल नाही बरं का!" नेमके त्याच वेळी आमचे साडू मोरीवर तोंड धूत होते. ते तसेच हनुवटीवरून पाणी गाळत आत आले, डबा उचलून चष्म्याजवळ नेला आणि मला विचारलं, "पावणं, भुईमुगाला काळीज असतं का?" मी म्हणालो, नसतं. "मग कोलेस्टेरॉल आणणार कुठून तो? ते प्राण्यांच्या अंगात तयार होतं. झाडात ते नसल्यातच जमा. उद्या कुणी तांदळाच्या पोत्यावर लिहील, 'ह्यात विंचू नाहीत', म्हणजे तुम्ही धावत जाऊन तेच पोतं आणणार!" स्वयंपाकघरातून बायकांचं हसू ऐकू आलं. त्यात माझ्या बायकोचं हसू सगळ्यांत वरच्या पट्टीत होतं.

भीमाशंकरच्या धुक्यापासून ओतूरच्या बाजारापर्यंत, म्हणजे अख्ख्या जुन्नर-आंबेगावात, तेल आणि तूप या विषयावर आमच्या साडूंइतकं बोललेला माणूस आजवर झालेला नाही, आणि माझं ऐकाल तर पुन्हा होऊही नये. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. गाव तळेघरकडचं, नोकरी ओतूरच्या कॉलेजात, विषय रसायनशास्त्र. अंगाने इतके किडकिडीत, की ज्या पदार्थावर ते जन्मभर बोलले त्याचा थेंब तरी त्यांच्या अंगाला लागला असेल की नाही, अशी शंका यावी. इतर प्राध्यापक तास संपला की खडू ठेवून घरी जातात. यांचा खडू खिशात असायचा. एकदा ओतूरच्या आठवडे बाजारात करडई विकणाऱ्या बाईच्या तागडीवरच त्यांनी खडूने तेलाच्या कणाच्या नागमोडी रेघा काढल्या. त्या बाईने बिचारीने वजनात काही खोट काढतायत असं समजून त्यांच्याकडे बघत बघत दोन मुठी जास्त टाकल्या.

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं ही शिक्षा होती. आमच्याकडे मासवडीचा रस्सा म्हणजे वर लालभडक तर्री आलेली हवी. आता तर्री आली की माणसाने भाकरी कुस्करावी. साडू चमचा घेऊन ती तर्री डिवचत बसायचे. "बघा, दोन थेंब जवळ आले, एक झाले. तेल पाण्याला भीत नाही, पाणीच त्याला आपल्या घोळक्यात घेत नाही. पाण्याच्या कणांची आपापसात एवढी गट्टी असते, की ते ह्याला बाहेर ढकलतात. मग ही बाहेरची मंडळी एकत्र येतात." असं बोलता बोलता यांचा रस्सा थंड आणि ऐकता ऐकता आमचाही. मी एकदा मध्येच भुरका मारला, तर ते थांबले आणि माझा भुरका संपेपर्यंत थांबून राहिले. वर्गात मागच्या बाकावरचा पोरगा जांभई देतो तेव्हा मास्तर थांबतो, अगदी तसे.

थंडीत जुन्नरला माझ्या घरी आले, की आणखी वैताग. सकाळी खोबरेलाची बाटली थिजलेली. ती उन्हात ठेवून मी टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभा. साडू चहाचा कप घेऊन शेजारी. "हे का थिजलं आणि करडईचं का नाही, सांगा." मी म्हणालो, "साडूभाऊ, मला ऑफिस गाठायचंय." पाटबंधारे खात्यात कारकुनाला उशीर चालतो, हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "तेलातुपाचा कण म्हणजे तिफण समजा. पेरायची तिफण. ग्लिसरॉल हे वरचं आडवं खोड आणि त्याला तीन लांब फण, ती फॅटी ॲसिडं. खोबऱ्यात हे फण सरळ. सरळ उसाची मोळी कशी गच्च बसते? तसे हे कण एकमेकांना खेटून बसतात, थोडी थंडी पडली की थिजलेच. करडईच्या फणाला मध्ये दुहेरी बंध असतो, तिथं तो वाकतो. बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी बांधून बघा. बसेल गच्च?" मला दृष्टान्त पटला, हे खरं दुःख. त्या दिवशी मी थिजलेल्या केसांनीच ऑफिसात गेलो आणि दिवसभर फायलींच्या गठ्ठ्यांकडे उसाची मोळी म्हणून बघत बसलो.

बायकांच्यात तर त्यांना नेऊच नये. एका बारशाला पाळण्यात वाकून त्यांनी कौतुकाने जाहीर केलं, "ह्याच्या डोक्यात नुसती चरबी आहे!" मेंदूतलं पाणी वजा केलं तर जे उरतं त्यात मोठा वाटा स्निग्ध पदार्थांचा, मज्जातंतूंवर त्याचंच वेष्टण असतं, म्हणून तर संदेश झरझर धावतात, हे सगळं ते पुढे सांगणार होते. पण पोराच्या आजीने तोवर पाळणा दुसरीकडे वळवला होता. परतताना मी चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "पावणं, पेशीपेशीभोवती चरबीचा दुपदरी पडदा असतो. तो नसता तर तुम्ही आणि मी एकाच पातेल्यातलं पाणी झालो असतो." मनात म्हटलं, देवा, तो पडदा जरा जाड कर!

आणि एवढं बोलून हा माणूस स्वतः तूप किती घ्यायचा? एक चमचा. भाताच्या मधोमध, त्याच्यापुढे थेंब नाही. मी त्यांना कंजूष म्हणायचो. त्यांनी एकदाच कारण सांगितलं, तेही खडूशिवाय. तळेघरला घरी नाचणी आणि भात. खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल सणाला निघायचं आणि आई प्रत्येकाच्या भातावर एकेक चमचा घालायची. "तिचा हात कधी चुकला नाही," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, आता पुढे फणांची गोष्ट येणार. आली नाही.

माझ्या डब्याने मात्र अवसरीत आपलं काम चालूच ठेवलं होतं. मामींच्या मनाने घेतलं, की ह्या तेलात ते वाईट काही नाही, म्हणजे हे औषधच. मग काय, भजी, कुरडया, पुऱ्या, सगळं त्या बदामाच्या भरवशावर. आमचे सासरे म्हणजे मामा. खाण्याचा शौकीन माणूस, पंचक्रोशीतल्या कुठल्याही पंगतीला त्यांच्या नावाचा पाट ठरलेला. पुढे छातीत जरा भरून आलं म्हणून मंचरला नेलं, तर रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, तेल-तूप कमी करा. मामा असे घाबरले, की घरी येऊन त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर माझा डबा गुरांच्या गोठ्यामागे नेऊन ठेवला.

मग सगळ्यांनी साडूंना बोलावलं. एवढा शिकलेला जावई, तो धीर देईल. साडूंनी खडू काढला आणि धीर द्यायला सुरुवात केली. "मामा, घाबरायचं काय त्यात? कोलेस्टेरॉल तुमचं काळीज, म्हणजे यकृत, स्वतःच बनवतं. ते शरीराला लागतंच. त्याच्यापासून पित्त होतं, उन्हात कातडीखाली ड जीवनसत्त्व होतं..." मामांचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजी म्या न्हाई खाल्लं तरी आतल्या आत शिजतंयच?" "तसंच!" साडू खुशीत म्हणाले. मामांनी विचारलं, "मंग त्याल कशाकशात आस्तं?" आता इथे कुणीही शहाणा माणूस 'भज्यांत' म्हणाला असता. साडूंना अर्धवट उत्तर देता येत नाही. ते म्हणाले, शेंगदाण्यात, तिळात, खोबऱ्यात, दुधात, आणि तसं बघितलं तर थोडं ज्वारीतसुद्धा. त्या दिवसापासून मामा भाकरीकडेही संशयाने बघायला लागले.

वर्षभरात माणूस निम्मा झाला. उकडलेली भाजी, ताकाचं पाणी, टाचांना भेगा, कातडी कोरडीठाक. भूक मात्र सारखी. साडूंनी पुन्हा येऊन सांगितलं, की अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं तेलाच्या गाडीत बसल्याशिवाय आतड्यातून पुढे जात नाहीत. मामा म्हणाले, "जाऊं द्या, ऱ्हाऊं द्या त्यानला तितंच." शेतावर जाणं सुटलं, पंगती सुटल्या. लोकांच्यात जेवायला बसायची लाज वाटायची. मामी मला एकटं गाठून म्हणाल्या, "धाकलं पावणं, ह्यो मानूस दुखन्यानं न्हाई, भ्यानं जाईल माझा." त्या वेळी मला माझा डबा आठवला.

अशात धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी हा जास्तीचा महिना येतो आणि जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार वाढायची आमच्याकडे चाल आहे. सासूने धार थांबवायची नाही आणि जावयाने लवकर 'पुरे' म्हणायचं नाही, अशी ती कुस्तीच असते. पण आमच्या सासुरवाडीची आणखी एक रीत. सासऱ्याने पानावर बसून पहिला घास घेतल्याशिवाय जावई ताटाला हात लावत नाहीत. आम्ही दोघे जावई टोप्या घालून बसलो. रांगोळ्या झाल्या, धोंडे वाढले, उदबत्ती लागली. मामा दारातच उभे. "तुमी जेवा. म्या बसत न्हाई."

"आवो, तुमी बसल्याबिगर पोरं जेवायची न्हाईत!" मामी म्हणाल्या.

"मंग नगा जेवू म्हनावं."

ताटातल्या धोंड्यांची वाफ गेली. बाहेर पाऊस लागलेला, हवा गार. वाटीतलं तूप कडेने पांढरं व्हायला लागलं. मी साडूंकडे पाहिलं. त्यांचीही नजर वाटीवर होती. मी मनात म्हटलं, आता उसाची मोळी निघणार. मामा पुढे येऊन त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "थोरलं पावणं, तुमी लई शिकल्यालं. मला येक सांगा. खाऊ का नगं? पर त्या तिफनीपासनं सुरू करू नगा. येका शब्दात सांगा."

साडूंचा हात खडूच्या खिशाकडे गेला. मग परत आला. मी इतकी वर्षं या माणसाला गप्प बसवायच्या युक्त्या शोधत होतो, आणि आता तो गप्प बसला तर मलाच कसंतरी झालं. शेवटी ते हळूच म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले होते, मामा?"

"कमी करा म्हनले."

"बंद करा म्हणाले?"

"न्हाई. पर कमी म्हंजी किती, ते कुटं सांगितलं? त्यापरीस बंद बरं."

साडूंनी आपल्या शेजारचं, मामांसाठी मांडलेलं ताट पुढे ओढलं. मामींच्या हातातल्या वाटीतून एक चमचा तूप घेतलं आणि मामांच्या धोंड्यावर सोडलं. चमचा वाटीत परत ठेवला आणि म्हणाले, "येवढं."

"आन् उंद्या?"

"उद्या बी येवढंच."

कॉलेजातली सगळी भाषा गेली होती, तळेघरची तेवढी उरली होती. मामा उठले. मग पाटावर बसले, धोंडा मोडला, घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांचा गळा हलताना बघत होतो. डोळे उघडून ते मामींना म्हणाले, "रवाळ झालंय गं." त्यावर मामी इतक्या दिवसांत पहिल्यांदा भडकल्या. "आता कळलं व्हय? वरीसभर म्या काय दगडं शिजवत व्हते?" आणि तो सगळा राग त्यांनी माझ्या ताटावर काढला. मी 'पुरे, पुरे' म्हणत होतो, पण धार काही थांबेना. तूप ताटाच्या काठावरून माझ्या नव्या पँटवर उतरलं, तेव्हा साडू वाकून पुटपुटले, "राखेने धुवा. राखेतला क्षार आणि हे मिळून साबण होतो." म्हणजे माणूस जागेवर आला होता.

मामा त्यानंतर बरीच वर्षं जेवले. रोज एक चमचा, आणि पंगतीत कुणी जास्त वाढायला आलं, की हात आडवा धरून म्हणायचे, "येवढंच. आमच्या पावण्यानं सांगितलंय." आता मामा नाहीत, धोंड्याचा महिना नुसता पंचांगात येतो. साडू रिटायर झाले, पण अजूनही रश्शाची तर्री डिवचतात. चमचा वर करून बोलता बोलता मध्येच अडखळतात आणि भातावर तूप घालायचं विसरून जातात. मग आमच्यातलं कुणीतरी घालतं.

धोंड्याच्या त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मात्र मी भयंकर वैतागलो होतो. पँटला तुपाचा वास, पोटाला तडस. मी बायकोला म्हणालो, "एक शब्द! हा माणूस एवढी वर्षं आपलं डोकं खातोय, मामा वर्षभर उपाशी राहिले, आणि उत्तर काय, तर 'येवढं'. हेच आधी सांगायला काय झालं होतं?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "वाढताना दाजींनी चमचा वाटीच्या काठावर किती जपून सपाट केला, बघितलंत का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्ही अख्खा डबा देऊन मोकळे झालात. त्यांना सगळं ठाऊक आहे. चमचा द्यायला त्यांना वेळ लागणारच."