गंगाक्काने न ओळखलेला खोकला

भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं... माझा कशावरच विश्वास नाही. आजही नाही. मी बीदरला लॅब टेक्निशियन आहे. रिपोर्टमध्ये येईल तेच खरं मानणारा. म्हणून तर हा प्रकार मला इतका छळतो.

मागच्या थंडीत तान्ह्या बाळांच्या नाकातले स्वॅब घ्यायचं काम होतं. आरएसव्ही नावाचा विषाणू – साध्या सर्दीचाच, पण बाळांच्या छातीत उतरतो. त्याचे ए आणि बी असे दोन गट. शिवाय तो सतत थोडाथोडा बदलत राहतो, आणि एकदा होऊन गेला तरी परत होतो. कुठला गट, काय बदल, हे बंगळूरच्या लॅबकडून महिन्याभराने कळायचं.

बीदर जिल्ह्यातल्या निर्णा गावात बाळं धरायला गंगाक्का असायच्या. आरोग्य केंद्रातल्या जुन्या आया, साठीच्या. प्रत्येक बाळाच्या पाठीला कान लावून म्हणायच्या, "ह्यो मागल्या सालचाच हाय," नाहीतर "ह्यो दुसरा."

"अक्का, खोकल्यावरून गट कळत नसतो. डॉक्टरलाही नाही."

"मला गटबिट कुटं कळतंय अण्णा. आवाज येगळा हाय, येवढंच."

त्यांना एकदाचं खोटं पाडावं म्हणून मी त्यांचं म्हणणं वहीत लिहीत गेलो. रिपोर्ट आले... "मागल्या सालचा" ते सगळे ए, "दुसरा" ते सगळे बी. तीनदा ताडून पाहिलं. एकही चूक नाही.

माझी सासुरवाडी निर्णाच. बायको पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन तिथे आली होती. मुलीला किरकोळ सर्दी. दूध पीत होती, हसत होती. तिचाही स्वॅब घेतला. अक्कांनी पाठीला कान लावला, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा लावला.

"कुठला?" मीच चिडून विचारलं.

"ह्येला मी वळखत न्हाई. बीदरला न्या. आत्ता."

"ताप नाही, धाप नाही... कशाला न्यायचं?"

"मला इचारू नका. न्या."

बायको घाबरली, म्हणून निघालो. वाटभर अक्कांच्या नावाने बोटं मोडत. बीदर यायच्या आत पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. चार दिवस ऑक्सिजनवर होती. आणखी उशीर झाला असता तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

तिचा रिपोर्ट आला – बी, म्हणजे अक्कांच्या ओळखीतला "दुसरा"च. मला बरंच वाटलं. अक्का एकदा तरी चुकल्या. मग खालचा शेरा वाचला. विषाणूच्या आवरणावरची जी जागा आपल्या शरीराची प्रतिपिंडं ओळखतात, नेमकी तीच बदललेली. असा बदल त्या लॅबने आमच्या भागात आधी पाहिला नव्हता.

आमच्या लॅबच्या साहेबांना वही दाखवली. "योगायोग असेल," म्हणाले आणि चहा मागवला.

अक्कांना विचारायला गेलो.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"हो."

"मग कामून डोकं खायलाव?"

स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर सांगा, माझ्याकडे नाही. आता मीही बाळांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकत बसतो, आणि मला सगळ्यांचा खोकला सारखाच ऐकू येतो.