रुमालाखालचा सौदा

"ऑपरेशन न्हाय. ठरलं," आप्पा म्हणाले आणि खाटेवरून उतरून पायाने चपला शोधू लागले.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. ऐंशीच्या दशकात मी बेळगावच्या एका हॉस्पिटलात कान-नाक-घसा विभागात ज्युनियर सर्जन होते. आप्पा निपाणीचे तंबाखूचे दलाल. स्वरयंत्राचा कॅन्सर. रेडिएशन देऊन झालं, तरी गाठ परत आली. आता लॅरिंजेक्टमी, म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढायचं. माणूस गळ्यावर केलेल्या भोकातून श्वास घेतो आणि जगू शकतो. आवाज मात्र जातो.

"आवाज गेल्यावर दलाल कसला? त्यापरीस मेलेलं बरं," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"ह्यांनी थोरल्याला वखारीच्या किल्ल्यासुदीक देऊन टाकल्या वो," त्यांची बायको, आक्का, पदराने डोळे पुसत म्हणाली.

चीफ राउंडला आले. "कन्सेंट नसेल तर डिस्चार्ज द्या. पुढचे पेशंट थांबलेत."

"सर, संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"काय करणार? कीर्तन?"

मला भयंकर राग आला होता, सरांचा नाही, आप्पांचा. वाचण्याची संधी समोर असताना माणूस चपला शोधतो म्हणजे काय!

माझे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाल होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा मी सौदे पाहिले होते. दलाल आणि व्यापारी समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि आत एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवतीच्यांना भाव कळू नये म्हणून तोंडातून चकार शब्द नाही.

संध्याकाळी मी आप्पांसमोर स्टूल ओढलं आणि ट्रॉलीवरचा हिरवा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला.

"आप्पा, सौदा करू या."

"बाईमाणसासंगं?"

"माझ्या बापानं तुमच्याच वखारीत पोती उचलल्यात. शिदू हमाल."

"शिदूची पोर व्हय गं तू?" ते बघतच राहिले.

"व्हय. आता सांगा, भाव ठरवताना तुम्ही तोंडानं किती बोलता?"

टॉवेलखाली आप्पांनी माझं एक बोट धरलं. एक वर्ष तरी मिळेल का, असं ते विचारत होते. मी अख्खा पंजा धरला. पाच वर्षं आजार परतला नाही, तर आम्ही डॉक्टर सुटकेचा निःश्वास टाकतो.

"खात्री न्हाय, आप्पा. पण माझी बोली एवढी हाय."

पाचावर विश्वास न बसून त्यांनी दोन बोटं धरली. मी पंजा सोडला नाही. त्यांनी तीन धरली. मी तशीच बसून राहिले.

"काय ठरलं वो?" आक्काने विचारलं.

"सौद्यातलं भाईर सांगत न्हाईत," आप्पा म्हणाले आणि हसले. मग चपला खाटेखाली सारून त्यांनी सही केली.

मी सगळं सांगितलं तेव्हा चीफ तडकले. "पाच वर्षांची गॅरंटी दिलीत?"

"गॅरंटी नाही सर. बोली लावली."

"बरं. सकाळी पहिली केस तीच घ्या."

ऑपरेशन छान झालं. घरी गेल्यावर आप्पांनी पहिलं काम केलं ते थोरल्याकडून किल्ल्या परत घेण्याचं. पुढच्या चेकअपला आक्का कौतुकाने सांगू लागली, "समोरचा यापारी बडबडून दमतोय, आन् हे गप. भाव आपसूक चढतोय बघा!" आप्पा दरवर्षी येत आणि झालेल्या वर्षांएवढी बोटं रुमालाखाली धरून दाखवत.

पाचव्या वर्षी ते फेटा बांधून आले. भरलेल्या ओपीडीत त्यांनी माझ्या हातावर रुमाल टाकला आणि अख्खा पंजा घट्ट धरला. मला रडू आवरेना. आवाज ऐकून चीफ बाहेर आले.

"काय चाललंय?"

"सौदा पुरा झाला, सायेब!" आक्का ओरडली. सगळी ओपीडी बघत होती.

मी हात सोडवून घ्यायला गेले. आप्पांनी तो सोडला आणि लगेच पुन्हा अख्खा पंजा धरला. आणखी पाच हवी होती!

तेव्हापासून माझ्याशी घासाघीस करणाऱ्या पेशंटवर मी चिडत नाही. मला धास्ती वाटते ती मुकाट्याने चपला शोधणाऱ्याची.