माझ्या खुर्चीवरचे पाय

विमानात मी खाली बसले होते. दोन रांगांच्या मधल्या फटीत, गुडघे छातीशी घेऊन. समोरची खुर्ची माझीच होती. तिच्यावर आक्कासाहेबांचे पाय होते.

ढगांत विमान हादरायला लागलं. डोक्यावर पट्टे बांधायचे दिवे लागले. हवाई सुंदरी एकेक रांग बघत आली आणि आमच्यापाशी थांबली. मुंबईची पोर होती, माझ्याच वयाची.

"तुम्ही खाली का बसलात? काही पडलंय का?"

मी तोंड उघडायच्या आत आक्कासाहेब बोलल्या. रागानं नाही. अगदी साधं.

"बसू द्या तिला. तिला सवय हाय."

त्या पोरीला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्या पायांकडं. विमानात खाली बसायची सवय कुणाला असते? पण आक्कासाहेब खोटं बोलत नव्हत्या. तेच मला लागलं. आत कुठंतरी, खोल लागलं.

कुठून आली ही सवय, ते सांगते.

आमचं गाव आष्ट्याजवळ. गावाचा ऊस जिथं संपतो तिथं आमची वस्ती. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होते. बाबांनी घरातले देव पोत्यात भरले आणि नदीत सोडले. मला ते नीट आठवतं, कारण त्या पोत्यात माझी बाहुलीही गेली. मी आठवडाभर भोकाड पसरलं होतं. देव गेले, पण गावातल्या मोठ्या घराचा, आक्कासाहेबांच्या घराचा सोपा होता तिथंच राहिला. सोपा म्हणजे घरापुढचा उंच ओटा. त्यावर ती माणसं बसायची. आई त्यांच्या घरी कामाला. ती सोप्याच्या खाली अंगणात बसून शेंगा फोडायची आणि मी तिच्या शेजारी. शेंगा वरून टाकायच्या, पाणी वरून ओतायचं. आम्हाला कुणी 'खाली बस' म्हटल्याचं मला एकदाही आठवत नाही. म्हणायची गरजच पडत नव्हती.

मी शिकले. मिरजेला एका दवाखान्यात नर्स झाले. पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी, सगळे सिस्टर म्हणायचे. तिथं एक दिवस आक्कासाहेब आल्या. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला होता. माझ्याच वॉर्डात होत्या. माझ्या हातचं पाणी प्यायल्या. त्यांचं सगळं मी केलं, ज्याची घरच्या माणसालाही किळस येते तेसुद्धा. माझा खांदा धरूनच त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. मी कुणाची पोर हे त्यांना समजलं तेव्हा त्यांनी मला एकदा न्याहाळलं. मग म्हणाल्या, "चालतंय. दवाखान्यात सगळं चालतंय."

त्यांचा धाकटा मुलगा लंडनला डॉक्टर. आईला थोडे महिने तिकडं आणा म्हणून त्यानं घोशा लावला होता. थोरले दादासाहेब वॉर्डात आले आणि मला म्हणाले, "तुला नेऊया म्हणतोय संगती. वाटंत आईला काय हवं नगं ते बघायचं. धाकटा मोठ्या हॉस्पिटलात हाय. तिथं तुला लावून देतो म्हणालाय. आईला फकस्त नीट पोचव."

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू? आमच्याकडं विलायतेत शिकून आलेल्या एक मोठ्या सिस्टर होत्या. त्या बोलायला लागल्या की डॉक्टर थांबून ऐकायचे. मला तसं व्हायचं होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं.

निघताना मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं समजावून दिलं. पाय फार वेळ लोंबते ठेवू नका, सूज येईल. अधूनमधून उभं करा, चार पावलं चालवा. पाणी पाजत राहा. कपडे सैल असू देत. विमान वर जाताना कान दुखतील, कापूस ठेवा जवळ. मी सगळं ध्यानात ठेवलं. माझ्या पायांबद्दल, माझ्या कानांबद्दल कुणी बोललं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही.

दादासाहेबांची जीप पहिल्यांदाच आमच्या वस्तीकडं आली. आत आली नाही. कडेला थांबून भोंगा वाजवला. आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि माझी पिशवी हातात देताना म्हणाली, "तोंड सांभाळून ऱ्हा. येवढं काम हुंदे." मी मागं सामानात बसले. साताऱ्याला जीप थांबली. ती माणसं हॉटेलात बसून खाऊन आली. मी जीपमध्येच भाकरी खाल्ली. मला आत या कुणी म्हटलं नाही आणि मीही गेले नाही. एवढंसं होतं, मी ते गिळलं. लंडन समोर दिसत होतं ना.

सकाळी मुंबईच्या विमानतळावर आक्कासाहेबांना खुर्चीत बसवून दोघांनी उचलून वर नेलं. विमानाच्या दारात त्या हटून बसल्या. चपला काढल्याशिवाय आत जाणार नाहीत. घरात शिरताना काढतात तशा त्यांनी त्या उंबऱ्याबाहेर काढल्या, शिडीच्या वरच्या पायरीवर. मागं रांग खोळंबली. मला हसू आलं आणि त्यांची मायाही आली. चपला उचलून मी पिशवीत टाकल्या.

त्या खिडकीपाशी, मी मधे, माझ्या शेजारी वाटेकडेला पुण्याकडचे एक गृहस्थ. चष्मा, कोट, हातात वर्तमानपत्र. मी आक्कासाहेबांचा पट्टा बांधला, कानात कापूस घातला, तोंडात गोळी दिली. मग माझा पट्टा बांधला. विमान वर चढलं तेव्हा कानात कळ आली, डोळ्यांतून पाणी आलं. तरी मी खूश होते. पाठीला मऊ खुर्ची, हाताला दांडी, खाली ढग. आई-बाबांना हे कसं सांगायचं, याचं वाक्य मी मनात जुळवत होते.

पट्ट्याचे दिवे विझले तशा आक्कासाहेब म्हणाल्या, "पाय लोंबतं ठिवायचं न्हाईत म्हणालाय डाक्टर." मधली दांडी वर होते हे त्यांनी बघून ठेवलं होतं. त्यांनी ती वर केली. पाठ खिडकीकडं टेकवली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू खाली बस की गं. जागा लय हाय."

आणि मी बसले.

कुणी ढकललं नाही मला, कुणी दरडावलं नाही. पाठ आपोआप वाकली, गुडघे आपोआप मुडपले. त्यांनी पाय माझ्या खुर्चीवर घेतले, वर शाल पांघरली. शेजारच्या गृहस्थांनी आपले बूट आत ओढले आणि पेपर वर केला. त्यांना सगळं कळलं होतं. आपल्याकडच्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही.

खालून विमान वेगळंच दिसतं. खुर्च्यांचे लोखंडी पाय दिसतात, लोकांचे मोजे दिसतात. खिडकी दिसत नाही, नुसता तिचा उजेड वर छतावर पडलेला दिसतो. सूर्य आमच्याबरोबरच पश्चिमेला चालला होता, त्यामुळं दिवस सरेचना. जेवण आलं. "तिला खाली द्या," आक्कासाहेब म्हणाल्या. दुसऱ्या एका हवाई सुंदरीनं जरा घुटमळून ताट माझ्या मांडीवर ठेवलं. गृहस्थांनी वाकून विचारलं, "काय आजी, आराम आहे ना?" आक्कासाहेब म्हणाल्या, "लय झ्याक हाय." माझं डोकं त्यांच्या गुडघ्याशी होतं, पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. इतकी माणसं भरली होती त्या विमानात, आणि मला वाटलं, मी इथं मेले तरी उतरताना कुणाच्या पायात येईन तेव्हाच कळेल. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. अंगणात शेंगा फोडताना निदान शेजारी आई असायची.

मग विमान हादरायला लागलं, आणि ती मुंबईची पोर आली, आणि आक्कासाहेब म्हणाल्या, तिला सवय हाय.

पोर तिथंच उभी होती. "असं चालणार नाही. प्रत्येकानं आपापल्या जागेवर बसायला हवं." ती नियम सांगत होती. बिचारीला दुसरं काही माहीत नव्हतं. पण मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या जागेवर बस म्हणून सांगत होतं.

मी गुडघ्यावर उठले.

"आक्कासाहेब, पाय खाली घ्या."

"काय म्हणालीस?"

"पाय खाली घ्या. मला बसायचंय."

"आगं, डाक्टरनं सांगितलंय वर ठिवायला."

"वर ठिवायला सांगितलंय. माझ्या जाग्यावर ठिवायला न्हाई सांगितलं."

त्यांनी पाय हलवले नाहीत. मग हळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "धाकट्याच्या कानावर घालीन. मग तिकडं तुझं काय व्हायचं न्हाई."

मोठ्या सिस्टर डोळ्यांपुढं आल्या. आईचं 'तोंड सांभाळून ऱ्हा' आठवलं. अजूनही खाली बसता आलं असतं. मी म्हणाले, "घाला."

दोन्ही हातांनी मी त्यांचे पाय उचलले. खुबा नुकता जुळला होता, म्हणून अलगद उचलले. खाली पिशवी आडवी ठेवली, वर त्यांचीच शाल घडी करून ठेवली आणि त्यावर पाय टेकवले. चांगले उंच राहिले. हे आधीही करता आलं असतं. त्यांना कुठंही दुखत नव्हतं, फक्त मी शेजारी आले होते. मी बसले, दांडी खाली घेतली आणि पट्टा बांधला. माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

आता ते गृहस्थ बोलले. "म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?"

"मग तुमची खुर्ची द्या त्यांच्या पायांना."

त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

विमान जोरात खाली गेलं. कुणीतरी मागं रडायला लागलं. आक्कासाहेबांनी घाबरून दांडी धरायला हात टाकला, तिथं माझा हात होता. याच हातानं त्यांना दवाखान्यात उभं केलं होतं. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि स्वतःचं लुगडं मुठीत धरून डोळे मिटून बसल्या. ओठ हलत होते त्यांचे. भीती चालली, पण माझा हात चालला नाही.

त्यानंतर लंडनपर्यंत त्या माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. हवाई सुंदरीला हाक मारायच्या. चालवू का विचारलं, तर "नगं." एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला तो पेपर, मधे मी. मी माझ्या खुर्चीवर बसून रडले. पण बसून होते.

धाकटे डॉक्टर घ्यायला आले होते. आक्कासाहेब त्यांच्याशी बाजूला बोलल्या. मग ते माझ्यापाशी आले.

"आईला प्रवासात त्रास दिलास म्हणे."

"मी माझ्या खुर्चीवर बसले."

ते घड्याळाकडं बघत होते. "इथं कामाचं काही जमणार नाही. तुझं परतीचं तिकीट आहे. जा तू." शिकलेला माणूस होता. आवाजही चढवला नाही. परतीच्या विमानापर्यंत मी त्यांच्याच घरी राहिले. निघायच्या दिवशी त्यांनी थोरल्या भावासाठी एक पुडकं आणि आई सुखरूप असल्याचा निरोप तेवढा दिला.

परतताना मी एकटी होते. कापूस माझ्या कानात घातला. पाणी मागून घेतलं. अधूनमधून उठून विमानात फिरून आले. ज्या आरामासाठी मला नेलं होतं, तो परतताना मी स्वतःला दिला. त्यानं जीव थंड झाला नाही. शेजारची जागा रिकामी होती आणि डोक्यात लंडन होतं, जे मिळणार नव्हतं.

आष्ट्याहून चालत गाव गाठलं आणि तशीच पुडकं घेऊन त्या घरी गेले. दादासाहेब सोप्यावर खुर्चीत बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी. खाली अंगणात आई शेंगा फोडत होती.

"आलीस व्हय? ठेव तिथं पायरीवर," दादासाहेब म्हणाले.

मी पायरी चढले. सोप्यावर गेले. रिकाम्या खुर्चीवर बसले आणि पुडकं मांडीवर ठेवलं.

"कुठं बसलीस?"

"खुर्चीवर."

"ऊठ."

"निरोप हाय आक्कासाहेबांचा. बसून सांगणार. ऐकायचा नसंल तर तसं सांगा."

अंगणातला शेंगांचा आवाज थांबला होता. दादासाहेब उभे राहिले. मी निरोप सांगितला. आक्कासाहेब सुखरूप पोचल्या, पायाला सूज नाही. पुडकं खुर्चीवर ठेवलं आणि खाली उतरले.

"आये, चल. इथं खाली बसायचं न्हाई आता."

आईनं पदर झटकला आणि माझ्याकडं न बघता घरी निघून गेली. त्या घरचं तिचं काम सुटलं. ती माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "मला इचारायचंस तरी." तिचं खरं होतं. तरी मी माघार घेतली नाही.

मी मिरजेला परत कामावर गेले. रोग्याच्या पायाशी मी रोज बसते, ते माझं काम आहे. पण मला खाली बसायची सवय आहे, असं कुणी म्हणायचं नाही. जीपमध्ये मागं बसणार नाही, हॉटेलाबाहेर भाकरी खाणार नाही. शेजारी कुणी बसलं नाही तरी चालेल. माझ्या खुर्चीवर पुन्हा कुणाचे पाय आले, तर ते मी उचलून खाली ठेवीन.