एकसारखी पाच घड्याळं

नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या मागच्या गल्लीत धनराज अहिरे राहतात. गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांच्या मनगटावर रोज वेगळं घड्याळ असतं, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती सगळी घड्याळं दिसायला सारखीच. पांढरी तबकडी, पिवळसर कडा आणि बाराच्या आकड्याखाली एक दातेरी चाक, त्यात पंचवीसचा आकडा. मलाही कळलं नव्हतं. एकदा चहाच्या टपरीवर मी त्यांना वेळ विचारली, तर ते म्हणाले, "पावणेदहा. पण हे फकिराचं आहे, दहा मिनिटं कमी धरा."

फकिरा कोण, हे विचारल्याशिवाय राहवेना. पुढचं सगळं मग त्यांच्याकडूनच, थोडं थोडं करून कळलं.

नाना मूळचे नामपूरकडचे. घरी कांद्याची शेती, पण भाऊ पुष्कळ आणि जमीन थोडी. सटाण्याला आयटीआय केलं आणि सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर लागले. त्याच आठवड्यात आणखी चौघं लागले होते. सुरगाण्याच्या डोंगरातून आलेला काळू गावित, मखमलाबादच्या मळ्यातला सहादू, त्र्यंबक रोडवरून सायकल हाणत येणारा फकिरा आणि सिन्नरचा केरू. भाषा पाचांच्या पाच तऱ्हेच्या. नाना रागावले की अहिराणीत बोलायचे आणि काळूला त्यातलं काही कळायचं नाही, म्हणून त्याच्याशी भांडण कधी रंगलंच नाही. सहादू पहाटे मळ्यात कोथिंबीर उपटून कामावर यायचा. त्याच्या डब्यापेक्षा त्याच्या हाताचा वास आधी यायचा.

पंचवीस वर्षं झाल्यावर कंपनीने या पाचजणांचा सत्कार केला. मांडव घातला, बायकामुलांना बोलावलं, आणि साहेबांनी एकेकाच्या हाती घड्याळाची डबी दिली. काळूने ती तिथेच उघडली, घड्याळ मनगटावर चढवलं आणि दिवसभर बाही वर करून हिंडला. केरूने डबी रुमालात गुंडाळून घरी नेली ती नेलीच. पुढे तो फक्त लग्नकार्यात घड्याळ घालायचा. नानांच्या पत्नी, उज्वलाकाकू, सांगतात की त्या दिवशीच्या जेवणात जिलेबी होती आणि घरी परत येताना नाना बसमध्ये सगळ्यांना स्वतःहून वेळ सांगत होते.

लेथवर काम करताना हातात घड्याळ चालत नाही. म्हणून पाळी सुरू झाली की केरू सोडून बाकीचे चौघं ती काढून भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवत. सुटी झाली की घाईत कोण कुणाचं घेऊन जाई याचा पत्ता नसे. मग त्यांनी पट्टे बदलले. सहादूने काळा जाड पट्टा लावला. काळूने आपल्या तपकिरी पट्ट्याच्या बकलाजवळ लाल दोरा गुंडाळला. नानांनी स्टीलची साखळी घेतली. फकिराने पट्टा तसाच ठेवला, पण उशीर होऊ नये म्हणून काटे दहा मिनिटं पुढे केले. उशीर त्याला तरीही व्हायचाच, कारण घड्याळ पुढे आहे हे त्याला माहीत होतं.

काही वर्षांनी कारखाना बंद पडला. सगळ्यांची वयं पन्नाशीच्या आसपास होती. कुणी वॉचमन झालं, कुणी मळ्यात परतलं. नानांनी सिडकोत पिठाची गिरणी टाकली. पण महिन्यातून एकदा पाचहीजण सातपूरला एका मिसळीच्या हॉटेलात जमत. ते कधी चुकलं नाही.

आधी गेला फकिरा. झोपेतच गेला. महिनाभराने त्याचा मुलगा योगेश नानांकडे आला. पुण्याला नोकरी, हातात चौकोनी, पावलं मोजणारं घड्याळ. त्याने खिशातून वडिलांचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "नाना, हे टाकवतही नाही आणि घालवतही नाही."

नाना म्हणाले, राहू दे माझ्याकडे. त्यांनी त्याला नवा सेल घातला आणि दर शुक्रवारी ते घालू लागले. फकिरा शुक्रवारी जन्मला होता, एवढंच कारण. काटे मात्र तसेच पुढे ठेवले.

नंतर सहादू गेला. त्याची बायको कुसाबाई स्वतः घड्याळ घेऊन आली, सोबत मेथीच्या दोन जुड्या. काचेच्या कडेला मळ्यातली माती बसली होती, ती नानांनी काढली नाही. मग केरू. त्याच्या घड्याळावर एक ओरखडा नव्हता.

काळूचं वेगळं झालं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला दवाखान्यात नेलं, ते परत आणलंच नाही. अंत्यविधीला घरच्यांनाही जाऊ दिलं नाही. नाना घरात बसून होते. चार दिवसांनी दवाखान्याने त्याच्या मुलाच्या, दीपकच्या हाती एक प्लास्टिकची पिशवी दिली. तीत चष्मा, मोबाईल आणि घड्याळ. पुढे सगळं थोडं मोकळं झालं तेव्हा काळूची बायको लताबाई नानांच्या दारात आली. तिने मास्क काढला नाही, घरातही आली नाही. घड्याळ चालू होतं. ती म्हणाली की घरात त्याची टिकटिक ऐकू येते आणि डोळा लागत नाही. कपाटात ठेवलं तरी येते. तुमच्याकडे बाकीच्यांची आहेत, त्यांच्यात ठेवा.

अशी ती पाच घड्याळं एका घरात आली. नानांनी लाडवाच्या पत्र्याच्या डब्यात जुनं मखमली कापड अंथरलं आणि त्यात ती ठेवली. रोज सकाळी आंघोळ झाली की ज्याचा वार ठरलेला त्याचं काढायचं. टपरीवर कुणी वेळ विचारली की वेळेबरोबर त्या माणसाची एखादी गोष्टही मिळायची. लोक ऐकायचे, काही टाळायचे. डब्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला नानांना चालत नसे. नात निकिता एकदा घड्याळं हातात घेऊन बसली होती, तर तिलाही ओरडा बसला होता.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. घराची साफसफाई चालली होती आणि नाना गिरणीवर होते. काकूंना डब्यातून कुबट वास आला. काळ्या पट्ट्याला बुरशी धरली होती, तपकिरी पट्टा घामाने कुजून चिकट झाला होता. काकूंनी दोन्ही पट्टे सोडवले, घड्याळं स्वच्छ पुसली, सहादूच्या काचेकडेची मातीही टाचणीने काढली आणि कचऱ्याची गाडी आली तशी पट्टे तीत टाकले. त्यांच्या मते त्यांनी चांगलंच काम केलं होतं.

संध्याकाळी नानांनी डबा उघडला. दोन घड्याळं बिनपट्ट्याची शेजारी शेजारी पडलेली.

"पट्टा कोठे शेतस?" त्यांनी विचारलं.

काकूंनी सांगितलं. दिव्याखाली बसून नानांनी दोन्ही घड्याळं उलटसुलट करून पाहिली. दोन्हींच्या काचेवर तसेच बारीक चरे, दोन्हींच्या पाठी सारख्याच झिजलेल्या. माती होती तोवर सहादूचं ओळखता आलं असतं. आता काळूचं कुठलं आणि सहादूचं कुठलं, हे सांगता येईना. त्यांनी काकूंना एका शब्दाने बोल लावला नाही, पण ती दिवाळी त्या घरात फार गप्प गेली. काकू मला म्हणाल्या होत्या, "रागावले असते तर बरं झालं असतं."

नानांनी मेन रोडवरून दोन नवे पट्टे आणून लावले. त्यानंतर मात्र ती दोन घड्याळं त्यांनी घातली नाहीत. कुणाचं म्हणून घालायचं, हाच प्रश्न होता.

तुळशीचं लग्न झालं आणि एका दुपारी लताबाई आली. चहा झाला. ती सांगत होती की दीपकने आता नाशिकमधली खोली सोडायची ठरवली आहे, त्याची बदली वापीला झाली. तो म्हणतो आई, तूही चल. पण तिला नको आहे. सासऱ्यांचं घर गावी आहे, थोडी भाताची जमीन आहे, जावा आहेत. ती गावी चालली होती, कायमची.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते घड्याळ पाहिजे व्हतं. गावाला रेंज नाय, मोबाईल कधी चालतो, कधी नाय. टाइम बघायला काहीतरी लागतं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, तिथेच थांबल्या. नाना उठले, डबा घेऊन आले. वाटेत त्यांच्या मनात आलं होतं की दोन्हीतलं एक उचलावं आणि द्यावं, तिला कुठे कळणार आहे. पण डबा उघडल्यावर ते त्यांना जमलं नाही. त्यांनी दोन्ही घड्याळं तिच्यासमोर ठेवली आणि झालं ते सांगितलं. काकूंचं नाव घेतलं नाही. साफसफाई करताना माझ्याकडून पट्टे टाकले गेले, असं म्हणाले.

"त्यांनी नाही टाकले, मी टाकले," काकू दारातून म्हणाल्या.

लताबाईने दोन्ही घड्याळं हातात घेतली. एक कानाशी धरलं, मग दुसरं. नानांना वाटलं ती रडेल. पण ती हसली, अगदी थोडी. मग तिने जे सांगितलं ते नानांना ठाऊक नव्हतं. पट्टे बदलायच्या आधीची गोष्ट. काळू एकदा घरी आला आणि रात्री जेवताना तिला कोथिंबिरीचा वास आला. घरात कोथिंबीर नव्हती. बघते तर घड्याळाला वास. सहादूचं घेऊन आला होता. परत कर म्हटलं, तर काळू म्हणाला, सहादूला सांगितलं मी, तो म्हणतो राहू दे, दोन्ही कंपनीचीच आहेत. मग पुन्हा एकदा बदललं. पुन्हा एकदा.

"तेव्हाच त्याहींना ठाऊक नव्हतं कोणाचं कोणतं," लताबाई म्हणाली. "तुम्ही कशाला जिवाला लावून घेतलं? यातलं कोणतंही द्या. दोन्ही त्या दोघांच्याच हातात राहिलीत."

नानांनी खाली मान घातली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तिथे काही नव्हतं. काकू आत गेल्या आणि उगाच पाणी घेऊन आल्या.

लताबाईने उजव्या हाताशी होतं ते घड्याळ उचललं आणि मनगटाला लावलं. तिचं मनगट बारीक. शेवटच्या भोकातही पट्टा सैल पडला आणि घड्याळ कोपराकडे घसरलं. काकू लगेच म्हणाल्या, थांबा. त्यांनी शिवणाच्या डब्यातला दाभण काढला, गॅसवर तापवला आणि पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडली. पट्टा बसेपर्यंत दोघी त्या घड्याळावर वाकून होत्या. नाना म्हणतात, या दोघी इतकी वर्षं एकमेकींना ओळखत होत्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या एकमेकींशी बोलल्या असं त्यांना वाटलं. जाताना लताबाईने काकूंना गावी यायचं वचन द्यायला लावलं.

राहिलेलं घड्याळ घेऊन नाना मखमलाबादला कुसाबाईकडे गेले. तिलाही सगळं सांगायला हवं होतं. ती मळ्यात पालकाच्या जुड्या बांधत होती. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की मग आता बुधवारी तुम्ही कोणतं घालता? सहादूचा वार बुधवार, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. नाना म्हणाले, बुधवारी नुसताच असतो. तर ती म्हणाली, "घाला की मग. रिकामा हात बरा दिसत नाय."

मार्गशीर्षात नाना आणि काकू सुरगाण्याला गेले. एसटीने सुरगाणा, तिथून जीपने पाड्यापर्यंत. जीपमध्ये माणसं इतकी, की काकूंच्या मांडीवर कुणाचं तरी कोंबडं बसलं होतं. काळूचं घर टेकडीच्या उताराला, समोर खळं. भाताची झोडणी चालली होती. सात-आठ बाया भाताच्या पेंढ्या आपटत होत्या, मधोमध लताबाई, पदर खोचलेला, आणि मनगटावर ती पांढरी तबकडी.

दोघं पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लताबाईने त्यांच्याकडे पाहून हात केला, पण थांबली नाही. पेंढी आपटली, मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चला, सुट्टी झाली."

बायांनी पेंढ्या तिथेच टाकल्या. त्यातली एक म्हातारी काकूंना सांगू लागली की पूर्वी सावली बघून जेवायला बसायचो, ढग आले की कळायचं नाही आणि दुपार टळून जायची. आता काळूबाबाचं घड्याळ आहे. त्याप्रमाणे काम सुरू होतं, त्याप्रमाणे थांबतं. रोजावर बोलावणारा मालकही आता लताबाईला विचारतो, किती वाजले?

काळूबाबाचं घड्याळ, असंच सगळ्या म्हणत होत्या. नानांनी एकदा तोंड उघडलं, काकूंकडे पाहिलं आणि काही दुरुस्ती केली नाही.

लताबाईने हात धुतले, घड्याळ पदराने पुसलं आणि दोघांसाठी सावलीत घोंगडी टाकली. नागलीच्या भाकरी, उडदाचं घट्ट वरणासारखं भुजं आणि लाल मिरचीचा ठेचा होता. काळूला हेच आवडायचं, ती म्हणाली, आणि कारखान्याच्या डब्यात न्यायला मात्र त्याला लाज वाटायची. नानांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, लाज कसली, तो डबा आम्हीच संपवायचो. मग ते सगळे जेवायला लागले.