किल्लीविना वाजणारा टेप

दाजींना कानडी येत नव्हतं. सोलापुरात, आमच्या घरात, जिथे मांजरालाही कानडीत हाकलतात, तिथे हा माणूस आठ वर्षं राहून 'बा' आणि 'होगू', म्हणजे 'ये' आणि 'जा', यांच्या पुढे सरकला नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे केम गावचे. आमची आई गेल्यावर आप्पांना सोडून जायला अक्का तयार होईना, म्हणून दाजीच आमच्याकडे आले आणि घरजावई झाले. आप्पा चारचौघांत त्यांना जावईबापू म्हणत आणि रागावले की कानडीत बोलत. रागावत ते बहुधा जेवतानाच. दाजी शांतपणे भाकरी कुस्करत बसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कळत न्हाय म्हणून तर घास उतरतोय की."

आप्पांचं सरकीच्या पेंडीचं दुकान होतं आणि पेंड पोचवायला एक जुनी पिकअप. ती दाजी चालवत. किल्ली मात्र आप्पांच्या करदोट्याला. सकाळी ती सुटायची, दाजींच्या हातावर पडायची आणि संध्याकाळी दाजी ती प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हात पुढे करून परत द्यायचे. मला ते बघवत नसे. मग ते घरात न थांबता अंगणात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसत. "घरात बसलं की पाव्हना वाटतं. गाडीत निदान डायवर तरी हाय मी," म्हणायचे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी मोडीत निघालेल्या एका मोटारीतला कॅसेटचा टेप पैदा केला. भजनंच वाजली पाहिजेत, या अटीवर आप्पांनी परवानगी दिली. एका रविवारी दाजींनी डॅशबोर्डचा पत्रा करवतीच्या पात्यानं कापला, कडा कानशीनं घासल्या, सीटमागे दोन स्पीकर ठोकले. मी टॉर्च धरून उभी. असल्या टेपची तार किल्लीच्या स्विचला जोडतात, म्हणजे गाडीला किल्ली लावल्यावरच तो वाजतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आणि स्वतः मात्र पायाशी आडवे पडून ती तार थेट बॅटरीकडे नेत होते.

"दाजी, किल्लीकडं का नाही नेली?"

"किल्ली कुटं आपली हाय?"

तेव्हापासून किल्ली आप्पांच्या कमरेला आणि टेप दाजींच्या हाती. दिवसा भजनं. संध्याकाळी, भर उन्हाळ्यातसुद्धा काचा वर करून, ते केमच्या जत्रेची कॅसेट लावत. त्यांच्या भावानं कुणाच्या तरी टेपवर भरून दिली होती. नुसती हलगी आणि गलका. त्या गलक्यात मध्येच त्यांची आई कुणाला तरी जेवायला हाक मारते. तिथे आलं की दाजी कॅसेट मागे घेत. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, पण काच खाली होत नसे.

मी बी.एड. झाले आणि मंगळवेढ्याच्या एका शाळेनं मुलाखतीला बोलावलं. एस.टी.नं एकटीनं जायचं नाही, पेंडीची गाडी तिकडे जाणार असेल तर जा, असं आप्पा म्हणाले. नशिबानं त्या दिवशी खेप मंगळवेढ्याचीच होती. ही मुलाखत हुकली की यापुढे मला फक्त बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोरच बसायचं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी जीव इतका घुसमटला की मी दाजींच्या शेजारी गाडीत जाऊन बसले. कॅसेट संपली की मीच म्हणायची, "आणखी एकदा लावा ना." असं तीनदा झालं. उतरताना दाजींनी माझ्या सर्टिफिकिटांची पिशवी मागून घेतली आणि सीटखाली ठेवली. म्हणाले, "सकाळच्या गडबडीत ऱ्हायला नको."

सकाळी किल्ली फिरवली तर 'टक्' झालं आणि पुढे काहीच नाही. बॅटरी उतरली होती. पोत्यांनी भरलेली गाडी जागची हलेना. आप्पांनी किल्ली काढून हातात घेतली आणि टेपचं बटण दाबलं. हलगी घोगरी, रडल्यासारखी वाजली. आप्पा एकदा हातातल्या किल्लीकडे बघत होते, एकदा टेपकडे. मी लावायला सांगितलं, हे माझ्या ओठांवर आलं, पण त्याआधीच दाजी म्हणाले, "माजी चूक हाय, आप्पा."

"पेंड पोचली पाहिजे," आप्पा म्हणाले. "पोरगी जायची नाही. अपशकुन झाला."

मला त्या पेंडीच्या पोत्यांचा हेवा वाटला. ती तरी मंगळवेढ्याला जाणार होती.

किल्ली पुन्हा दाजींकडे गेली. दोन हमाल आणि धोतर खोचून स्वतः आप्पा गाडीला मागून रेटा देऊ लागले. रस्त्याच्या उताराला इंजिन धडधडलं. गाडी फाटकापाशी उभ्या असलेल्या माझ्यासमोरून पुढे गेली आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सुमन, पळ! थांबलो तर बंद पडंल!"

मी पळाले. एक चप्पल रस्त्यातच राहिली. दाजींनी हात धरून मला आत ओढलं. मागून आप्पा कानडीत ओरडत होते, "निल्लसू! निल्लसू!" म्हणजे थांबव.

"दाजी, आप्पा ओरडतायत."

"ओरडू दे की. मला कुटं कानडी येतंय?"

दाजींच्या ढगळ चपला घालून मी मुलाखत दिली आणि नोकरी मिळाली. मी मंगळवेढ्याला खोली घेऊन राहिले. दाजी मात्र मुलाखतीच्या संध्याकाळीच सोलापूरला परत गेले आणि आप्पांच्या हातात किल्ली दिली. दुसऱ्याच दिवशी आप्पांनी वायरमन बोलावून टेपची तार किल्लीच्या स्विचला जोडून घेतली. सुट्टीत घरी आले तेव्हा संध्याकाळी दाजी गाडीतच बसले होते. काचा वर, टेप मुका. आप्पांकडून किल्ली मागून आणू का, म्हटलं. म्हणाले, "नगं. समदी पाठ हाय मला."

पुढे बऱ्याच वर्षांनी आप्पांना अर्धांगवायू झाला. मराठी पार पुसली गेली, उरली ती फक्त कानडी. मी आले तर खोलीतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. आप्पा अडखळत काही विचारत होते आणि दाजी उत्तर देत होते. कानडीत. स्वच्छ, भरभर, आमच्याच घरातल्या कानडीत, मध्येच आप्पांची थट्टा करत. मी दारातच थांबले. म्हणजे जेवणाच्या ताटावर बसून या माणसानं शब्द न् शब्द ऐकला होता. त्या सकाळचं 'थांबव'सुद्धा.

मला पाहताच दाजी मराठीत आले. "कवा आलीस? आप्पास्नी पानी पायजे म्हनत्यात."

मी पाणी आणायला आत गेले आणि माठाशी उभी राहून पोटभर रडले.