उलट्या खांबांचा बंगला

भूताखेताचा विषय निघाला की आमच्या घरात एकच उत्तर मिळायचं — पोटभर जेव आणि झोप. आम्ही बौद्ध. अंगात येणं, नवस, उतारे हे सगळं माझ्या वडिलांनी कधीच दाराबाहेर काढलेलं. त्यात मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण दादाबद्दल आहे, म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता आणि मी एटापल्लीकडे ओव्हरसियर होतो. तिथे जंगलात एक जुना बंगला होता. कोण्या इंग्रज साहेबाने आपल्या गावाकडच्या शेतघराच्या आठवणीने बांधून घेतलेला. सगळा सांगाडा सागाचा, लोखंडाचा एक खिळा नाही, सांधे लाकडी खुंट्यांनी आवळलेले. मधल्या चौकटी मात्र आपल्यासारख्याच कुडाच्या — बांबूच्या ताट्या, वर माती, वर चुना. काळं लाकूड, पांढरी भिंत. दिसायला देखणा, हे मान्य. पण खांब उलटे! झाडाचा बुंधा वर, शेंडा खाली. खांबाच्या डोक्यावर तीन लाकडं एकत्र येतात, तिथे जाड भाग लागतो, म्हणून तिकडची ती रीतच आहे म्हणे. हिशेब बरोबर होता. तरी उलटं झाड अशुभ म्हणून गावचे लोक त्या बंगल्यात पाणी पीत नसत.

कोपऱ्यातल्या खोलीत चौकीदार, त्याची बायको आणि दोन लेकरं राहायची. त्याच कोपऱ्याचा खांब उधईने खाल्ला होता. कामाला चामोर्शीहून माझा मोठा भाऊ, दादा मिस्त्री आला. नाव मीच सुचवलं होतं. भाऊ म्हणून नाही, हात चांगला म्हणून... बरं, थोडं भाऊ म्हणूनही.

आमच्याकडच्या सुतारांची एक रीत आहे. खांब काढला की जागा रिकामी ठेवायची नाही. टेकू लावलेले असले तरी एक माणूस तुळईला खांदा लावून उभा राहतो आणि घराला सांगतो, "मी हावो." नवा खांब बसला की त्यावर हात ठेवून म्हणायचं, "आता तू," आणि बाजूला व्हायचं. दादा बाकी काही मानत नसे, पण एवढं पाळायचा.

भर दुपारी जुना खांब काढला. दादा जागेवर उभा राहिला आणि त्याच क्षणी जमीन खचून दोन्ही टेकू निसटले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या कोपऱ्यावरचं छप्पर दहा माणसांना पेललं नसतं. पण तुळई जागची हलली नाही. खाली एकटा दादा.

"हलकं हाय रे," तो हळूच म्हणाला.

आम्ही धावत टेकू परत लावले. 

नवा खांब बसवताना मी बुंधा वर घ्यायला सांगितलं. दादाने साफ नकार दिला. "झाड डोक्यावर उभं नाई करत मी. साहेबाचं जमलं असन." त्याने बुंधा खाली ठेवला आणि माझ्या समाधानासाठी वर लोखंडी पट्टी मारली. मग खांबावर हात ठेवून "आता तू" म्हणाला आणि बाजूला झाला. पण त्याचा उजवा खांदा झुकलेलाच राहिला.

घरी गेल्यावरही तो सरळ झाला नाही. एक्सरे काढला, काही निघालं नाही. "वजन उतरून नाई राह्यलं, लहान्या. त्या घरानं खांब घेतला नाई," तो म्हणायचा. मी त्याला येड्यात काढायचो. मग धानाच्या रोवण्याच्या दिवसांत एकदा बांधावर त्याच्या मागे चाललो होतो. चिखलात माझी पावलं उथळ आणि त्याची घोट्यापर्यंत. दोघांत जाड मी होतो! त्या दिवशी मी घाबरलो. म्हटलं, खांब काढू, उलटा बसवू.

"काढला तं परत कोणी तरी तिथी उभं राह्यन," दादा म्हणाला. "माह्यासारखं."

पावसाळा सरता सरता त्याने मला बोलावलं. बाजेवर वाकून बसला होता. "चौकीदाराले सांग, लेकरं घेऊन बाहेर निघ. माह्याच्यानं आता होत नाई."

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर पोचलो. काय कारण सांगायचं? तपासणी आहे म्हणालो आणि सगळ्यांना मोहाच्या झाडाखाली आणून बसवलं. चुलीवर भात आहे म्हणून चौकीदाराची बायको कुरकुरत होती. वारा नव्हता, पाऊस नव्हता. दुपारी तो कोपरा तुळईसकट खाली बसला.

धूळ निवळल्यावर मी आत गेलो. दादाचा खांब ताठ उभा होता, नुसती वरची पट्टी उपटली होती. वर चढून पाहिलं. खांबाच्या डोक्यावर तुळईचा दाब पडल्याची खूणसुद्धा नव्हती. रंधा मारलेलं लाकूड जसंच्या तसं.

घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. माय म्हणाली, दुपारी तो एकदम सरळ उभा राहिला, दोन्ही हात ताणले, "उतरलं" म्हणाला आणि आडवा झाला. मी ढसाढसा रडलो.

पुढे मी मोठमोठ्या इंजिनिअरांना त्या खांबाबद्दल विचारलं. कोणी म्हणालं लाकूड सुकलं असेल, कोणी हसलं.  मला एवढंच माहीत आहे की पावसाळाभर ती लेकरं त्या कोपऱ्याखाली झोपत होती, आणि छप्पर पडलं नाही.