मागच्या टाकीतली थोरली

१६ नोव्हेंबर. घरात जिवंत जीव: माणूस एक, कोळंब्या दोन, तारामासा एक.

दोन महिन्यांपूर्वी हीच मोजदाद सातावर जात होती. वजा झालेल्या तिघांत एक ताई होती. ती कपडे वाळत घालता घालता गेली. हातातला चिमटा हातातच राहिला. दोन तारामासे तिच्यामागून गेले. ते कसे गेले हे तिच्या भावाला पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच तो ते कोणाला सांगत नव्हता.

भावाला अख्खा जिना कवळीवाला म्हणत असे. दोन गल्ल्या पलीकडच्या दातांच्या लॅबमध्ये त्याची उमर कवळ्या घडवण्यात गेली होती. दवाखान्यांतून जबड्यांची मापे येत. तो त्यांत प्लास्टर ओतून साचा काढी, साच्यावर मेणाची हिरडी चढवी आणि तीत एकेक दात बसवी. ज्यांना तो हसू देत असे त्यांचे चेहरे त्याने कधी पाहिले नव्हते. काम चोख व्हायला समोर माणूस लागतोच असे नाही, ही त्याची जुनी समजूत होती.

पुढच्या खोलीत, खिडकीशेजारी, खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि तीत हार्लेक्विन कोळंब्यांची जोडी. अंगठ्याएवढे जीव. दुधी अंगावर जांभळट-गुलाबी डाग, डागांना निळसर किनार, आणि पुढे पंख्यासारख्या पसरट नांग्या. त्या नांग्या दोघे सारखे हलवत असत, जणू दारात आलेल्याला ‘या, बसा’ म्हणत आहेत. घरात येणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाई. “काय देखणं आहे हो!” असे प्रत्येक जण म्हणे, आणि कवळीवाल्याचा चेहरा उजळे.

हे देखणेपण कशावर पोसले जाते, हे फार थोडे विचारत. ही कोळंबी तारामाशाखेरीज कशालाच तोंड लावत नाही. दुसरे काहीही समोर ठेवा, ती उपाशी राहील. तारामासा मिळाला की जोडीने त्याला उलथा करायचा, बिळापाशी ओढून न्यायचा आणि भुजेच्या टोकापासून खायला लागायचे. गाभा शेवटी. गाभा शाबूत असेतो तारामासा जगतो, आणि जगतो तोवर ताजा राहतो. समुद्रात ही काटकसर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. काचेच्या टाकीत ती बघत बसावी लागते.

ते बघावे लागू नये म्हणून या घरात एक व्यवस्था होती. मोरीशेजारी दुसरी टाकी ठेवली होती. तीत तीन तारामासे, फिकट तपकिरी, पाठीवर चॉकलेटसारखे काळपट उंचवटे असलेले. कोळंब्यांची वेळ झाली की एकाला बाहेर काढायचे, त्याची एक भुजा कात्रीने कापायची, त्याला परत पाण्यात सोडायचे आणि भुजा तेवढी पुढच्या टाकीत द्यायची. जखम भरे, हळूहळू नवा कोंब फुटे. पुढल्या खेपेला दुसऱ्याची पाळी. फुटण्यापेक्षा कापणे लवकर येई, म्हणून अधूनमधून दुकानातून नवा तारामासा आणावा लागे. पण कारभार चाले.

पुढची टाकी भावाची, मागची ताईची. ही वाटणी कोणी बसून केलेली नव्हती. पहिल्या दिवशी कात्री हातात घेऊन तो मोरीपाशी उभा राहिला, पण त्याच्याने ती उघडवेना. “दे इकडे,” ताई म्हणाली, “लोकांचे जबडे कोरतोस आणि एवढ्याशा जिवाला घाबरतोस?” तेव्हापासून कात्री तिची. तो पुढच्या खोलीत जाई, रेडिओ मोठा करी आणि तिथूनच विचारी, “झालं का?”

“झालं. ये आता मजा बघायला,” असे उत्तर येई.

एकदा त्याने तिला समजावले होते, “त्यांना मेंदू नसतो गं ताई. काही कळत नाही त्यांना.”

“मग तू रेडिओ कोणासाठी लावतोस?” ताईने विचारले होते, आणि ती शिंपल्यातला गर सोलून तारामाशांच्या पोटाखाली सारू लागली होती. कापायच्या आधी आणि नंतर ती त्यांना नेमाने खायला घाली. तिन्हींना ती बायाच समजे: थोरली, मधली, धाकटी. थोरली या घरात सर्वांत आधी आलेली, सर्वांत जास्त वेळा कापलेली आणि तरीही टिकलेली.

घरातली कामाची वाटणी ही सर्वांत निरुपद्रवी दिसणारी गोष्ट असते. एकाच्या वाट्याला शोभा येते, दुसऱ्याच्या वाट्याला कात्री, आणि दोघेही तिला सवय म्हणतात.

ताई गेल्यावर ती सवय उघडी पडली. दिवसकार्य आटोपले, माणसे पांगली, आणि कोळंब्या भुकेल्या झाल्या. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास जोडी बिळातून निघून ताई जिथून झाकण उचले त्या कोपऱ्यात येऊन थांबे आणि नांग्या हलवी. कवळीवाला मागे गेला, कात्री उचलली आणि परत ठेवली. शेवटी त्याने धाकटीला सबंधच्या सबंध उचलून पुढच्या टाकीत सोडले. कापणे टळले, असे त्याला वाटले. मग कितीतरी दिवस, जेवताना, दाढी करताना, लॅबला निघताना, त्याला ती उलथी पडलेली दिसत राहिली: एकेक भुजा टोकाकडून आखडत येणारी, आणि उरलेल्या भुजांचे बारीक पाय हवेत काही धरू पाहावे तसे पाण्यात चाचपडणारे. अखेरीस पाणी गढुळले. एकदा झालेली चूक माणूस ओळखतो. कवळीवाल्याने ती ओळखून मधलीच्या बाबतीत पुन्हा केली, कारण कात्री अजून तिथेच होती आणि हात अजून त्याचाच होता.

याच दिवसांत घराला कसलीशी चाहूल लागली. संध्याकाळी तो पुढे बसला की मोरीत पाणी हालल्याचा आवाज येई. चपला घासत कोणी टाकीपाशी येऊन थांबल्यासारखे वाटे. आता झाकण वाजेल, आता ‘झालं, ये’ म्हणेल, असे म्हणत तो श्वास धरून बसे. कोणी काही म्हणत नसे. न मिळालेले ते उत्तर खोलीत तसेच उभे राही, आणि त्याला वाटे, ताई रागावली आहे.

तो माशांच्या दुकानात गेला. दुकानदाराने मान हलवली.

“तारामासा नाही, कवळीवाले. समुद्रापलीकडून मालच येत नाहीये. महिना जाईल, दोनही जातील. तुमच्याकडे किती उरलेत?”

“एक. चार हात आणि एक कोंब.”

“मग आटोपलंच म्हणा. एक काम करा, जोडी मला देऊन टाका. एका हॉटेलच्या दाराशी मोठी टाकी लावतोय मी. ते लोक विमानानं मागवतील तारामासे. तुमची जोडी राणीसारखी राहील.”

“आणि कापणार कोण?”

“असेल की कोणीतरी. भांडी घासणारं, नाहीतर भाजी चिरणारं. त्यात काय!” दुकानदार हसला, मग गंभीर झाला. “तुमच्या ताई आल्या होत्या एकदा. विचारत होत्या, यांना दुसरं काही चालत नाही का? मी म्हटलं, नाही हो, यांचा जन्मच तसा. तर म्हणाल्या, ‘बरं झालं विचारलं. मला वाटत होतं आमच्याच घरात असं असतं.’ मी खूप हसलो तेव्हा.”

कवळीवाला हसला नाही. ‘उद्या सांगतो’ म्हणून तो निघाला. वाटेभर त्याच्या मनात ते ‘कोणीतरी’ चालत राहिले. त्याला चेहरा नव्हता. त्याच्या हातात कात्री होती, आणि कुठल्यातरी पुढच्या खोलीत कोणीतरी रेडिओ मोठा केला होता.

जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी याच्या मोरीच्या खिडकीला लागून होती.

“काय रे, हल्ली रेडिओ नाही वाजत तुझा? आधी तर कान किटायचे. आणि त्या गोंगाटात तुझी ताई बोलायची.”

“कोणाशी?”

“मला आधी वाटलं तुझ्याशीच भांडतेय. मग एकदा डोकावले तर हातात तो चांदणीसारखा मासा. त्याला म्हणतेय, ‘बाई, आज तुझी पाळी. दुखलं तर मला शिव्या दे. त्याला नको देऊस, तो भित्रा आहे.’”

कवळीवाल्याने विचारले, “मग रडायची का?”

“रडतेय कसली! हात धुवायची आणि तुला चहा टाकायची. स्वतः पाव बुडवून खायची एका बाजूनं. मी म्हणायची, अगं, भाऊ कवळीवाला आणि तुझ्या डाव्या बाजूला दात नाहीत, लाज नाही वाटत त्याला? तर म्हणायची, ‘तो लोकांची तोंडं भरतो काकू, घरचं तोंड बंद असलेलंच बरं.’ जीभ तिखट होती हो पोरीची.”

तो घरात आला. पुढच्या खोलीतल्या फळीवर, रेडिओच्या मागे, प्लास्टरचा एक साचा होता. ताईच्या खालच्या जबड्याचा. डाव्या बाजूच्या दाढा गेल्या तेव्हा त्याने स्वतः माप घेतले होते. ‘पुढच्या आठवड्यात बसवतो,’ असे म्हटले होते. मग कुठल्याशा दवाखान्याचे घाईचे काम आले, मग दुसऱ्याचे. ताईने एकदाही आठवण केली नाही. फक्त धूळ पुसताना साचा उचलून, पुसून, पुन्हा होता तसा ठेवत असे. साच्यावर आजही धूळ नव्हती. ती बसायला दोन महिने पुरेसे होते, पण रोज संध्याकाळी तो नकळत तिथे हात फिरवत आला होता.

दिवे लागायची वेळ झाली. कोळंब्या कोपऱ्यात येऊन थांबल्या.

जोडी देऊन टाकली तर उद्यापासून ही वेळ रिकामी होईल, हे त्याला कळत होते. मात्र दुसऱ्या कोणाच्या मोरीत ती भरलेलीच राहील, हेही आता कळत होते. या जिवांना शोभेसाठी घरात त्याने आणले होते. त्यांच्या भुकेचे उत्तर दुसऱ्या हाताने द्यायची सोय आता संपली होती. त्याने रेडिओकडे पाहिले आणि तो तसाच बंद ठेवला.

मागे जाऊन त्याने शिंपल्यातला गर सोलला. थोरलीच्या पोटाखाली सारला. ती खाईपर्यंत थांबला. ताई थांबत असे इतके त्याला माहीत होते, किती ते माहीत नव्हते. मग तिला तळहातावर घेतले. तिचे बारीक पाय त्याच्या कातडीला चिकटले आणि त्याच्या लक्षात आले की इतक्या वर्षांत त्याने तिला कधी हात लावलेला नव्हता.

“थोरले,” तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याला ठाऊक झाले होते तरी ते उसने घेणे त्याला जमेना. “शिव्या मलाच दे,” एवढेच म्हणाला. “भित्रा मी आहे.”

कात्री मिटली. हिरडीच्या मेणापेक्षा थोडे कठीण, बस.

आणि त्या क्षणी पुढच्या रिकाम्या खोलीतून स्पष्ट आवाज आला: “झालं का?”

आवाज ताईचा नव्हता. त्याचा स्वतःचा होता. जरा वैतागलेला, जरा घाई असलेला, चहाची वाट पाहणाऱ्या माणसाचा. दोन महिने तो ज्या चाहुलीला कान लावून बसला होता ती ताईची नव्हतीच. ताई या घरातून निघून गेली होती. उरला होता तो पुढच्या खोलीत बसून विचारणारा, आणि तो कुठेही जाणार नव्हता.

कवळीवाल्याने थोरलीला पाण्यात सोडले. ती तळाशी गेली, थोडी हलली, काचेला चिकटून बसली.

“झालं,” त्याने मागून उत्तर दिले. ‘ये मजा बघायला’ असे काही तो म्हणाला नाही.

भुजा त्याने पुढच्या टाकीत सोडली. जोडीने ती धरली, बिळापाशी ओढली आणि खायला सुरुवात केली. नांग्या हलत होत्या. तो शेवटपर्यंत तिथे उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानदाराला निरोप दिला: जोडी द्यायची नाही, तारामासे आले की आधी मला कळवा. माल येईतो थोरलीची आणखी एक भुजा घ्यावी लागेल, कदाचित दोन. नंतर ती पुन्हा कधी कापली जाणार नाही, असे त्याने ठरवले. ठरवलेले पाळता येईल की नाही हे समुद्रापलीकडून येणाऱ्या मालावर अवलंबून होते. संध्याकाळी तो मागेच बसू लागला. पुढून आवाज येतच राहिला आणि तो दर वेळी उत्तर देत राहिला.

मग एका रविवारी त्याने फळीवरचा साचा टेबलावर घेतला, दिवा जवळ ओढला, मेण तापवले. डाव्या बाजूची हिरडी चढवली, दाढा निवडल्या, ताईच्या उरलेल्या दातांच्या रंगाला रंग जुळवला. रंग त्याला पाठ होता, पाहावे लागले नाही. काम चोख झाले. कवळी साच्यावर नीट बसली.

थोरलीच्या भुजा पुन्हा फुटतील. ताईची कवळी तिला द्यायची राहिली आहे.